दुसरा हात

त्या सिनेमाला शेवट नव्हता. पडद्यावर ‘समाप्त’ अशी पाटी यायची, दिवे लागायचे, पण अकोल्याच्या प्रेक्षकांना ती पाटी मान्य नव्हती. पहिल्या आठवड्यात लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या, मशीनच्या खोलीकडे तोंड करून “रीळ खाल्लं बे, रीळ खाल्लं!” म्हणून ओरडले. शेवटी टॉकीजच्या मॅनेजरला पडद्यापुढे येऊन हात जोडून सांगावं लागलं, की बाप्पाहो, सिनेमा एवढाच आहे, मुंबईहून एवढाच आला. दुसऱ्या आठवड्यात तो उतरणार असं सगळ्यांना वाटत होतं. पण तेच लोक पुन्हा आले. शिव्या देत आले आणि आपल्याबरोबर कोणाला तरी घेऊन आले, कारण एकट्याने पाहून घरी जाणं अवघड होतं. भांडायला माणूस लागायचा.

गोष्ट साधी होती. एक नवरा, एक बायको, नदीपलीकडचं घर. दोघांत काहीतरी बिनसलेलं, काय ते धड सांगितलेलं नाही. पुराच्या पाण्यात त्यांची नाव उलटते. नवरा एका खडकाला लागतो, बायकोचं मनगट त्याच्या हातात. मग पडदाभर फक्त तो हात आणि ते मनगट. पाणी आदळतं. बोटं उघडतात. त्यानं सोडलं की तिनं ओढून घेतलं, हे कळायच्या आत पाणी सगळं पुसून टाकतं. नंतर तो माणूस घरी येतो, दिवा लावतो, दोन ताटं वाढतो आणि बसतो. दाराची कडी वाजते. तो दाराकडे बघतो. समाप्त.

त्या सिनेमाचं नाव मी इथे लिहीत नाही. कोणी म्हणेल आठवत नसेल, आठवतं. काही वर्षांपूर्वी नागपूरला एका फिल्म सोसायटीत तो पुन्हा लागला होता. संपल्यावर चर्चा झाली, एक हुशार तरुण उभा राहून म्हणाला, की दिग्दर्शकाने शेवट मोकळा ठेवून तो आपल्या हाती सोपवला आहे आणि हेच त्याचं मोठेपण. टाळ्या पडल्या. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण माझ्या हाती एकदा असा शेवट सोपवला गेला होता आणि मी त्याचं काय केलं, ते त्या खोलीत कोणाला माहीत नव्हतं. मी चपला शोधून बाहेर पडलो.

आम्ही तेव्हा अकोल्यात जिनांच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या वस्तीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे टिनाची पडवी. हंगामात पहाटे जिनाचा भोंगा व्हायचा आणि त्याबरोबर आईची चूल पेटायची. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत येऊन सगळ्यावर बसायचे, पाण्याच्या माठावर, उशीवर, ताटातल्या गरम भाकरीवर. आई ते फुंकरीने उडवायची आणि म्हणायची, “खाय, कापूस पोटात गेला त गादी होईन.” भाकरीबरोबर जवसाची चटणी नाहीतर तेलातला तिखटजाळ भुरका, संध्याकाळी तुरीचं वरण. बाबा जिनात काट्यावर होते. खेड्यांतून आलेल्या बैलबंड्या रांगेने उभ्या राहायच्या, बाबा कापूस तोलून घ्यायचे. माणूस उंच, सावळा, बोलणं इतकं कमी की पाहुणे त्यांना तुसडे समजत. बंडीवाल्यांशी ते बोलायचे, पण बैलांकडे त्यांनी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. जित्राबाच्या अंगावर हात ठेवल्याशिवाय शेतकऱ्याला बोलताच येत नाही. बाबा मात्र हात मागे बांधून उभे असायचे.

माझी आई ही त्यांची दुसरी बायको. पहिली, म्हणजे इंदूताईची आई, पूर्णेच्या पुरात गेली होती. आमच्या घरात एवढंच सांगितलेलं होतं, त्यापुढे नाही. ताई तेव्हा दोन वर्षांची, आजोळी आजीजवळ होती म्हणून वाचली, असंही सांगितलेलं होतं. ताई माझ्याहून बरीच मोठी. आईने तिला कधी सावत्रपणाने वागवलं नाही, उलट माझ्या पाठीत धपाटा पडला तर तो बहुतेक ताईच्या वतीने असायचा. ताई हसरी, वाद घालणारी, हुजरेगिरी न करणारी. बाबा फक्त तिच्याशी बोलायचे. रोज जेवताना ती शाळेतल्या गमती सांगायची आणि बाबा घास हातात धरून ऐकत राहायचे, घास खायला विसरायचे. मी हे बघायचो आणि मला हेवा वाटायचा, तेही लिहून टाकतो.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आम्ही सगळे अकोटच्या बाजूला आमच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. गाव पूर्णेच्या काठी. बाबांनी ते ताईची आई गेल्यानंतर सोडलं होतं, वावर चुलत्यांना बटाईने देऊन टाकलं होतं. तिथे चुलवणाजवळ भाज्या चिरत बसलेल्या बायकांत एका म्हातारीने मला हनुवटीला धरून विचारलं, “हा कोनाचा वो?”

दुसरी म्हणाली, “बैलवाल्याचा.”

“अगं माय! बैल काढले अन् बायको नाई काढली, त्याचाच का हा पोट्टा?”

कोणीतरी तिला गप्प केलं. मी आईला जाऊन विचारलं, बैलवाला म्हणजे काय. आईचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरलो. “कोनं सांगतलं? जेव गुमान,” एवढंच ती म्हणाली. पण मुलाला जे सांगत नाहीत ते मूल जोडून घेतं. बाबांनी पुरात बंडी घातली, बैलांचे दोर कापून बैल वाचवले, बायको बंडीबरोबर जाऊ दिली. गाव हेच म्हणत होतं आणि बाबांनी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. ताईने ते ऐकलं होतं का, मला माहीत नव्हतं. ती मांडवात पोरींबरोबर गाणी म्हणत होती.

सिनेमा आला तेव्हा मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होतो. ताई नुकतीच अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली होती आणि तिच्यावाचून घर मुकं झालं होतं. माझा मित्र सद्या, त्याचा मामा टॉकीजच्या दारावर होता. मध्यंतरानंतर गर्दी आत गेली की तो आम्हाला पडद्याजवळच्या बाकड्यांवर सोडायचा. त्यामुळे मी त्या सिनेमाचा पूर्वार्ध एकदाच पाहिला आणि उत्तरार्ध किती वेळा, ते मला सांगता येणार नाही. पहिल्या वेळी तो हात पडद्यावर आला, बोटं उघडली. सद्याने मला कोपराने ढोसलं, “सोडलं बे त्यानं! सरळ सोडलं!” मला वाटलं हा माझ्या बाबांविषयी बोलून राहिला.

मी पुन्हा गेलो, कारण दुसऱ्या वेळी ते तसं नसेल अशी आशा होती. आणि खरंच, दुसऱ्या वेळी वाटलं की तिनंच मनगट पिरगाळून सोडवून घेतलं. मी हलका होऊन घरी आलो, पोटभर जेवलो. तिसऱ्या वेळी पुन्हा त्यानं सोडलं. जवळून पाहिलं की एक, मागून पाहिलं की दुसरं. उत्तर मिळत नव्हतं आणि उत्तर मिळेपर्यंत घरी जाऊन बाबांसमोर बसणं मला जमत नव्हतं. आज कोणी मला विचारलं, असे सिनेमे माणसाला पुन्हा पुन्हा का ओढतात, तर मी कलेबद्दल काही सांगू शकणार नाही. ज्याच्या घरात एक न सांगितलेली गोष्ट आहे तो माणूस अशा पडद्यासमोर भीक मागत बसतो, एवढंच मला कळतं.

एका दुपारी तीनच्या खेळाला सद्याच्या मामाने आम्हाला आत सोडलं. अंधाराला डोळे सरावल्यावर मी सहज मागे पाहिलं. मधल्या रांगेत कडेच्या खुर्चीत बाबा बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. बाबांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. आईने हट्ट केला तरी “डोये दुखतात” म्हणून ते टाळायचे. मी खाली घसरलो, बाकड्याला चिकटलो. नदी आली, खडक आला, हात आला. मी पडद्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं. ते पुढे वाकले होते, अगदी पुढे, समोरच्या माणसाच्या खांद्यावरून मान लांबवून ते पडद्याच्या कडेला काहीतरी शोधत होते. बोटं उघडली, पाणी आलं. बाबा उठले आणि निघून गेले. ताटं आणि कडी पाहायला ते थांबलेच नाहीत.

“तुहे बाबा होते ना बे?” सद्या म्हणाला. “मामा सांगत होता, रोज येतात म्हणे. तेवढं पाह्यतात अन् जातात.”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे. माझ्या मनाने निकाल देऊन टाकला होता. निरपराध माणूस रोज तेवढंच बघायला कशाला येईल? आणि मग घरातली प्रत्येक गोष्ट मला वेगळी दिसू लागली. बाबा भाकरी मोडायचे त्या बोटांकडे मी बघायचो. ते विळ्याने सुंभ कापायचे तेव्हा मी पडवीत थांबायचो नाही. संध्याकाळी ते जिनातून आले की कडी वाजवायचे, तीच त्यांची सवय, हाक मारायची नाही. ती कडी वाजली की मी जागचा हलायचो नाही आणि आई ओरडायची, “काहून बसला पुतळ्यासारखा? दार उघड ना!” मी दार उघडायचो आणि बाजूला सरकायचो. आईविषयी काळजी वाटायची. ती त्यांच्याशी जरा चढ्या आवाजात बोलली की मी मध्ये पडून दुसरंच काही विचारायचो. ताप आल्यासारखा मी हिंडायचो. आईने दृष्टसुद्धा काढली.

बाबांना हे दिसत होतं. न बोलणाऱ्या माणसांना जास्तच दिसतं.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला बरोबर घेतलं. मोर्णा नदीच्या पलीकडे एका ओळखीच्याकडून तुरीचं पोतं आणायचं होतं. जाताना रपट्यावर, म्हणजे नदीतल्या बुटक्या पुलावर, पाणी नव्हतं. परत येताना, वर कुठेतरी पाऊस झाला असावा, रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. घोट्याच्या वर, फार नाही. वर ऊन पडलेलं, लोक धोतर खोचून येत-जात होते. बाबांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि मोकळा हात माझ्याकडे केला.

“हात दे.”

मी मागे सरलो.

“दे ना. ओढ आहे पान्याले.”

“मी नाही देत,” मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा भर रस्त्यात रडतो आहे हे मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. “तुमी सोडून देसान. मी पाह्यलं तुमाले टॉकीजमध्ये. रोज जाता तुमी. तुमी सोडला होता तिचा हात. तुमी बैल वाचवले.”

बाबांनी पोतं खाली ठेवलं. मला वाटलं, आता मारतील. इतका घाबरलो होतो की डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही तेव्हा उघडले. ते रपट्याच्या कठड्यावर बसले होते आणि पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

“बस,” ते म्हणाले. “इथीसाच बस. दूर बसला तरी चालते.”

मग ते बोलले. आयुष्यात ते माझ्याशी सलग इतकं कधी बोलले नव्हते, नंतरही नाही. सासुरवाडीहून बंडीने परत येत होते. ऊन होतं, नदीत गुडघाभर पाणी. सातपुड्यात पाऊस झालेला, खाली कोणाला पत्ता नाही. बंडी मध्यावर असताना पाण्याची भिंत आली. बंडी उलटली, बैल आपोआप सुटले आणि पोहून काठाला लागले. “दोर मी नाही कापले. कापाले हात कोठी होता?” ते पाण्यात एका बाभळीला अडकले. एका हातात बायकोचं मनगट.

“अन् दुसऱ्या हातात?” मी विचारलं.

“इंदी.”

मला कळलं नाही. ताई तर आजोळी होती.

“नव्हती. रडली, मायसंगं येतो म्हने, म्हून घेतली बंडीत. दोन वर्साचं लेकरू, छातीशी धरलं होतं. बाभूळ उपटून राहिली होती. दोघीले धरून मी बाहीर निंगत नव्हतो. मंग बोटं उघडली. तिचं मनगट गेलं. तिनं ओढून घेतलं का म्या सोडलं, हे मले आजपावतर समजलं नाही, बाळ्या. तिनं मले पाह्यलं होतं, मंग इंदीले पाह्यलं होतं. येवढं आठवते.”

पोर घेऊन ते खाली दूरवर काठाला लागले. तिथे त्यांच्या बहिणीचं गाव होतं. पोर तिच्याजवळ ठेवून ते गावी आले तेव्हा बैल आधीच घरी पोचले होते आणि गावाने गोष्ट तयार करून ठेवली होती. बाबा खरं सांगणार होते. त्यांना थांबवलं ते त्यांच्या सासूने, जिची लेक गेली होती तिने. ती म्हणाली, खरं सांगशील तर पोरीला जन्मभर ‘माय खाल्लेली’ म्हणतील. पांढऱ्या पायाची म्हणतील, कोणी दारात उभं करणार नाही, लग्न होणार नाही. आणि उद्या तिला समजायला लागलं की ती स्वतःही तेच म्हणेल. पोर माझ्याजवळ होती असं मी सांगते, तू गप्प राहा. तेव्हापासून बाबा गप्प होते.

“त्या सिनेमात त्याचा दुसरा हात दाखवला नाही,” ते म्हणाले. “जिनात पोट्टे भांडत होते, सोडला का सुटला म्हून. म्हून पाहाले गेलो. मले वाटे, येखांद्या येळी दिसन. दिसन, त समजन त्यानं काहून सोडला.” मग उठून त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं. “इंदीले नोको सांगू. माहा जीव गेला तरी नोको सांगू.”

मी हात दिला. आम्ही रपटा ओलांडला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एक दिवस वाटलं. दुसऱ्या दिवसापासून नवी भीती सुरू झाली आणि ती जुन्या भीतीहून वाईट होती, कारण आधी मी बाबांना घाबरत होतो, आता स्वतःच्या तोंडाला घाबरू लागलो. मी बडबड्या मुलगा होतो. झोपेत बोलतो असं आई म्हणायची. सुट्टीत ताई आली की मी सद्याच्या घरी जाऊन राहायचो. ती म्हणायची, “काय रे, माह्यावर रुसला का?” आणि मी कळशी उचलून पाणी आणायला बाहेर पडायचो.

थंडीत बाबा आणि मी अमरावतीला तिला भेटायला गेलो. आईने कुरडया, लोणचं, रोडग्यांचं जाडं पीठ असं काय काय बांधून दिलं होतं. ताई स्टँडवर घ्यायला आली, बाबांच्या पाया पडली, त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि जाहीर केलं, “आज तुमाले सिनेमा दाखवते. नाही म्हणायचं नाही. अमरावतीत लागून महिना झाला, आमच्या शाळेत दोन पार्ट्या पडल्या आहेत.”

कोणता सिनेमा ते विचारायची मला गरज पडली नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “मले काय समजते सिनेमातलं.” पण ताईला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

बायकांची जागा वर होती, ताई वर गेली. बाबा आणि मी खाली बसलो. हात पडद्यावर आला तेव्हा या वेळी बाबा पुढे वाकले नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते. मी मात्र सगळा वेळ मान वळवून वर, अंधारात ताई कुठे असेल तिकडे बघत होतो.

नंतर आम्ही रस्त्यापलीकडच्या हॉटेलात आलुबोंडे खायला बसलो. ताईच्या तोंडाला खळ नव्हता. गणिताच्या बाई म्हणतात दार वाजवणारा पोलीस आहे, शिवणाच्या बाई म्हणतात ती परत आली, हेडबाई म्हणतात दूधवाला असेल, त्यांना दुधाचीच काळजी. ती स्वतः हसली, आम्हालाही हसवलं. मग बोंडा हातात तसाच धरून म्हणाली, “पण मले त्या कडीचं काही नाही वाटत. मी दुसरंच पाहाले जाते. बाबा, तुमी पाह्यलं का? त्याचा एक हात दिसते. दुसरा हात कोठी होता त्याचा?”

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचे ओठ हलले. मी शपथेवर सांगतो, ते सांगणार होते. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिच्या एका प्रश्नावर ते सांगून टाकणार होते, कारण ते तिनं विचारलं होतं. आणि मी घाबरलो. मला रपटा दिसला, ‘माहा जीव गेला तरी’ हे ऐकू आलं. काही करून ते तोंड बंद करायचं, एवढंच मला सुचलं.

“दोर होता,” मी म्हणालो.

ताई माझ्याकडे वळली. “कोणता दोर?”

“नावेचा. मी लय वेळा पाह्यला ना, मले माहीत आहे. कडेला जरासा दिसते. दुसऱ्या हातात नावेचा दोर धरला होता त्यानं. तो सोडला असता त नाव गेली असती.”

मी हे अगदी ठासून म्हणालो. ती मान डोलावेल, विषय संपेल असं मला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना मी पाहिलं आणि तरी मला समजलं नाही मी काय केलं ते.

“म्हणजे नाव वाचवली त्यानं,” ती म्हणाली.

“हो.”

“हो.” तिने बोंडा बशीत ठेवला. “तसंच असते. नाव काय अन् बैल काय.”

त्या लग्नात तिनेही ऐकलं होतं. मी ऐकलं त्याच्याही आधीपासून ती ते ऐकत आली असेल. आणि ऐकूनही ती बाबांच्या बाजूने त्या अंधारात पुन्हा पुन्हा जाऊन बसत होती, दुसऱ्या हातात काहीतरी असलं पाहिजे, काहीतरी असं की ज्यासाठी माणूस बायकोचं मनगट सोडतो, ते शोधत होती. मी तिला सांगितलं की दोर होता.

मी बाबांकडे पाहिलं, डोळ्यांनी विनवलं, सांगा, आता सांगाच. त्यांनी कप उचलला आणि चहा संपवला.

ताई त्यानंतर घरी येत राहिली. सणाला आली, माझ्या लग्नात राबली, बाबांच्या शेवटच्या दुखण्यात तिने रजा काढून त्यांना भरवलं. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना ती ‘बाबा’ म्हणायची बंद झाली. ‘तुझे बाबा’ म्हणायची. तुझे बाबा जेवले का, तुझ्या बाबांना औषध दिलं का. बाबा गेले तेव्हा मी तिला सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. तिचा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता, तिच्या कडेवरच होता. त्याला बघून माझं तोंड उघडलं नाही. ती गेल्या वर्षी गेली. आता हे लिहायला कोणाची आडकाठी नाही, आणि कोणाला उपयोगही नाही.

त्या संध्याकाळी ती आम्हाला स्टँडवर सोडायला आली, बसमध्ये जागा मिळाल्याचं पाहिलं आणि बस सुटायच्या आधीच वळून गेली. गाडी बडनेऱ्याच्या पुढे निघाल्यावर मी बाबांना म्हणालो, “मी खोटं बोललो. मी उद्या परत जातो. तिले सांगतो की दोर नव्हता.”

“मंग काय होतं म्हून सांगशीन?”

मी समोरच्या बाकाचा दांडा धरून बसलो.

“राहू दे,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच मला सहन होईना. “कोनावर तरी रागावल्याबिगर तिचं भागत नव्हतं. माह्यावर रागावन. सोतावर त नाही.”

मग त्यांनी डोक्याखाली टोपीची घडी घेतली, खिडकीच्या गजाला डोकं टेकलं आणि मूर्तिजापूर यायच्या आत त्यांना गाढ झोप लागली. मी कितीतरी वर्षं त्यांच्याबरोबर एकाच खोलीत निजत आलो होतो, पण त्यांना असं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. मी अकोल्यापर्यंत जागा होतो.